खरेदी सगळे सांगतात, विक्री कोण सांगतं?

अगं, तुझा मेसेज वाचला. ऑफिसातल्या मुलींनी तुला त्यांच्या शेअरच्या ग्रुपमध्ये घेतलंय, सकाळी बाजार उघडायच्या आत काय घ्यायचं ते तिथे ठरतं, आणि आता तुझाही हात शिवशिवतोय. "ताई, यात वाईट काय आहे?" असं तू विचारलंस. वाईट काहीच नाही. मला तर मनापासून बरं वाटलं. आपल्या घरात शेअर म्हणजे सट्टा, हे वाक्य ऐकतच आपण वाढलो. १९९२ साली हर्षद मेहताचं प्रकरण झालं तेव्हा कितीतरी मराठी घरांनी बाजाराचं नाव टाकलं. ज्यांनी युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ योजनेला सरकारी समजून पैसे ठेवले, त्यांचे पैसे २००१ च्या जुलैत सहा महिन्यांसाठी अडकले. आईच्या पिढीतल्या बायकांना तर पैशाबद्दल बोलायला कोणी नव्हतंच. नवरा किंवा भाऊ बोट ठेवेल तिथे सही करायची. तू चारचौघींत बसून कंपन्यांबद्दल बोलतेस, भांडतेस, विचारतेस, हे फार मोलाचं आहे. ते सोडू नकोस.

चांगल्या ग्रुपमधून किती शिकता येतं तेही मला ठाऊक आहे. औषधाच्या दुकानात बसणारी एखादी सांगते की अमुक कंपनीची गोळी दोन महिने झाले, वितरकाकडे येतच नाहीये. बँकेतून निवृत्त झालेले एखादे काका थकीत कर्जाचा आकडा ताळेबंदात कुठे शोधायचा ते दाखवतात. कोणी वार्षिक अहवाल खरोखर वाचलेला असतो आणि पान नंबर देऊन बोलतो. 'हा शेअर माझ्याकडे आहे, तेव्हा माझं मत त्या हिशेबाने घ्या' असं आधीच सांगून टाकणारी माणसंही असतात. अशी माणसं भेटली तर त्यांचं म्हणणं जपून ठेव, त्यांना प्रश्न विचार.

पण एक गोष्ट आज माझ्याकडून ऐकून ठेव. ग्रुपमध्ये खरेदी सगळे सांगतात, विक्री कोणी सांगत नाही. खोटं वाटत असेल तर आज रात्री सगळं आवरलं की त्याच ग्रुपमध्ये सहा महिने मागे जा. 'घेतला', 'अजून घेतला', 'टार्गेट दुप्पट', 'धरून ठेवा' हे किती वेळा दिसतं ते बघ. मग 'विकला' शोध. 'तोट्यात विकला' शोध. जो शेअर तेव्हा रोज गाजत होता त्याचं पुढे काय झालं, ते लिहिणारं कोणी सापडतं का बघ. बहुतेक वेळा त्याचं नावच एके दिवशी बंद होतं आणि दुसरा शेअर सुरू होतो. म्हणजे त्या मुली लबाड आहेत असं मी म्हणत नाही. नफा झाला की माणूस चारचौघांत सांगतो, तोटा झाला की गप्प बसतो, हा सगळ्यांचाच स्वभाव आहे. पण त्या गप्प बसण्यामुळे नव्याने आलेल्या तुझ्यासारखीला वाटतं की इथे सगळेच कमावताहेत आणि आपणच मागे राहिलोय.

आणि जिथे लबाडी असते तिथे तर हे गप्प बसणंच धंद्याचं मूळ असतं. साधना ब्रॉडकास्टचं प्रकरण नीट समजून घे, कारण ते सेबीच्या, म्हणजे शेअर बाजाराच्या नियामकाच्या, आदेशात कागदावर आलेलं आहे. २०२२ च्या जुलैत यूट्यूबच्या काही वाहिन्यांवर या लहानशा कंपनीचे व्हिडिओ झळकले. अदानी समूह ही कंपनी घेणार आहे, एका अमेरिकन कंपनीशी भक्तिपर चित्रपटांसाठी अकराशे कोटींचा करार झालाय, अशा बातम्या त्यात होत्या. सगळ्या खोट्या. व्हिडिओ जास्तीत जास्त लोकांपर्यंत जावेत म्हणून पैसे मोजून जाहिराती केल्या होत्या. भाव वर गेला, लोक तुटून पडले. किरकोळ भागधारकांची संख्या २,१६७ होती, ती ५५,३४३ झाली. आता तूच विचार कर. इतक्या लोकांनी घेतले, म्हणजे तितके शेअर कोणीतरी त्यांना विकले. ते विकणारे कोण होते? प्रवर्तकांपैकी काही, कंपनीतले वरचे काही लोक आणि आधीपासून मोठा वाटा धरून बसलेले. व्हिडिओ बघून घेणाऱ्याला वाटत होतं की आपल्याला आतली बातमी मिळाली. खरं तर ज्यांना बाहेर पडायचं होतं, त्यांना गिऱ्हाईक मिळालं होतं. सेबीने मार्च २०२३ मध्ये यात अंतरिम आदेश काढला. पण तोवर पंचावन्न हजार घरांत ते शेअर पोहोचले होते.

म्हणून कोणी 'घे' म्हटलं की पहिला प्रश्न मनात हाच यायला हवा: मी घेतले तर विकतंय कोण? मोठ्या कंपनीत याचं उत्तर सापडत नाही आणि त्याची फार गरजही नसते. रोज लाखो शेअरची उलाढाल असते, तुझ्या ग्रुपने घेतले काय आणि न घेतले काय, भावाला पत्ता लागत नाही. पण ज्या कंपनीचं नाव तू कधी ऐकलेलं नाही, जिचा शेअर दहा-वीस रुपयांना आहे, जिची दिवसाची उलाढाल काही लाखांची आहे, तिथे शंभर-दोनशे लोकांनी एका सकाळी खरेदी केली तरी भाव अपर सर्किटला, म्हणजे दिवसाच्या वरच्या मर्यादेला, लागतो. मग तोच स्क्रीनशॉट ग्रुपमध्ये येतो, 'सांगितलं होतं ना!' म्हणून. आपल्याच खरेदीने चढलेला भाव आपल्यालाच पुरावा म्हणून दाखवला जातो.

आणि उतरताना काय होतं ते तू अजून पाहिलेलं नाहीस. अशा शेअरला एका दिवसात पाच टक्क्यांचीच मर्यादा असते असं धर. सकाळी सव्वानऊला तू ॲप उघडतेस. विक्रीच्या बाजूला लाखभर शेअरची रांग आणि खरेदीच्या बाजूला शून्य. पाच टक्के खाली भाव, पण घेणारंच कोणी नाही. तू विक्रीची ऑर्डर टाकतेस, ती रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहते, दुपारी साडेतीनला आपोआप रद्द होते. दुसऱ्या दिवशी आणखी पाच टक्के खाली, पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तेच. स्टॉपलॉस, म्हणजे भाव अमुक खाली आला की आपोआप विकायची ऑर्डर, लावून ठेवला होता म्हणून वाचू असं वाटतं, पण समोर घेणारा नसेल तर स्टॉपलॉस कुणाला विकणार? या दिवसांत ग्रुपवर एकच वाक्य येत राहतं, 'घाबरू नका, धरून ठेवा.' आणि ते लिहिणाऱ्याने स्वतः कधी विकले ते कळायला तुझ्याकडे मार्गच नसतो.

खाली आलाय तर अजून घेऊन सरासरी करा, हा सल्लाही फार ऐकशील. चांगल्या कंपनीत, तुला तिचा धंदा समजत असेल तर, त्याला अर्थ आहे. पण डीएचएफएलचं उदाहरण विसरू नकोस. आपल्या मुंबईची ही घरकर्ज कंपनी २०१९ मध्ये अडचणीत आली, रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबरमध्ये संचालक मंडळ बाजूला केलं आणि प्रकरण दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं. पुढे पिरामल समूह ती घेणार अशी बातमी आली. बातमी खरी होती. लोकांनी लगेच हिशेब मांडला की मोठा मालक येतोय, म्हणजे शेअर उसळणार. त्या आशेवर शेअर घेत राहिले. पण दिवाळखोरीत आधी कर्ज देणाऱ्यांचे पैसे, उरलं तर शेअरधारकाला. उरलं काहीच नव्हतं. जून २०२१ मध्ये योजना मंजूर झाली, त्यात जुन्या शेअरची किंमत शून्य धरली होती, आणि शेअर बाजारातून काढून टाकला गेला. कंपनी वाचली आणि शेअरधारक बुडाले. बातमी खरी असणं आणि तिचा अर्थ आपल्याला बरोबर लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्रुपमध्ये बातमी दोन मिनिटांत पोहोचते, पण कायद्यात शेअरधारक शेवटच्या रांगेत असतो हे सांगायला कोणाला सवड नसते.

आता राजकारणाबद्दल. तुमच्या ग्रुपमध्ये निवडणूक, अर्थसंकल्प, युद्ध, सगळ्यावर चर्चा चालते असं तू म्हणालीस. चर्चा जरूर करा. पण ज्या दिवशी एखादा शेअर 'आपल्या' पक्षाचा किंवा 'त्यांच्या' पक्षाचा वाटायला लागेल त्या दिवशी त्याबद्दल तुझी बुद्धी चालायची थांबेल. मग तो विकणं म्हणजे वादात हरणं होऊन बसतं. २०२४ चा जून आठव. लोकसभेचे एक्झिट पोल आले आणि ३ तारखेला सेन्सेक्स अडीच हजार अंकांनी वर गेला. सगळीकडे जल्लोष. ४ तारखेला निकाल वेगळे येऊ लागले, सेन्सेक्स ४,३९० अंकांनी कोसळून ७२,०७९ वर बंद झाला. त्या दुपारी किती लोकांनी घाबरून मिळेल त्या भावाला विकलं असेल! ७ तारखेला तोच सेन्सेक्स ७६,६०० च्या वर बंद झाला. पाच दिवसांचा खेळ. या पाच दिवसांत एकाही कंपनीच्या कारखान्यात, दुकानात, ऑर्डरबुकात काही बदललं नव्हतं. ज्यांनी ३ तारखेला आनंदाने घेतलं आणि ४ तारखेला भीतीने विकलं, त्यांना दोन्ही वेळी सोबत होती ती गर्दीचीच. अशा दिवशी ग्रुप बंद ठेव. मी हे अगदी शब्दशः सांगतेय, नोटिफिकेशन बंद कर आणि संध्याकाळी उघड.

मग करायचं काय, असं विचारशील. ग्रुपमध्ये नाव आलं की ते वहीत लिही आणि त्याच दिवशी घेऊ नकोस. बीएसईच्या संकेतस्थळावर त्या कंपनीचं पान उघड. तिथे कंपनीने बाजाराला दिलेल्या अधिकृत घोषणा तारीखवार असतात. ग्रुपमधली 'मोठी ऑर्डर मिळाली' ही बातमी तिथे आहे का बघ. नसेल तर थांब. मोठ्या कंपन्यांना तर आता नियमच आहे. बाजारमूल्याने पहिल्या २५० कंपन्यांबद्दल मुख्य माध्यमांत अफवा आली आणि भाव लक्षणीय हलला, तर त्यांना चोवीस तासांत हो किंवा नाही सांगावं लागतं.

मग भागधारणेचा तक्ता उघड. तिमाही संपल्यापासून एकवीस दिवसांत तो द्यावा लागतो. प्रवर्तकांचा वाटा मागच्या तिमाहीपेक्षा घटला का? त्यांनी आपले शेअर तारण ठेवलेत का, आणि किती टक्के? आणि तुझ्या-माझ्यासारख्या किरकोळ भागधारकांची संख्या अचानक फुगली का? साधनाच्या बाबतीत दोन हजारांचे पंचावन्न हजार झाले, ते असंच तक्त्यात दिसतं. प्रवर्तक कमी होताहेत आणि किरकोळ लोक वाढताहेत असं चित्र असेल तर तुझ्या पहिल्या प्रश्नाचं, विकतंय कोण या प्रश्नाचं, उत्तर तिथेच लिहिलेलं आहे. बल्क डीलची यादीही रोज संध्याकाळी येते. एखाद्याने दिवसभरात कंपनीच्या अर्ध्या टक्क्याहून जास्त शेअर घेतले किंवा विकले की त्याचं नाव, संख्या आणि भाव त्यात छापून येतात. जे व्हिडिओ बघून तुम्ही मुली नावं टिपून घेता, त्यांच्यापेक्षा ही यादी वाचायला कमी वेळ लागतो.

सल्ला देणारा नोंदणीकृत आहे का, हेही बघायचं. गुंतवणूक सल्लागाराचा सेबी क्रमांक 'आयएनए'ने सुरू होतो, संशोधन विश्लेषकाचा 'आयएनएच'ने. नुसता क्रमांक लिहिलाय म्हणून विश्वास ठेवू नकोस, सेबीच्या यादीत नाव आणि क्रमांक जुळवून बघ. आणि क्रमांक खरा असूनही जो नक्की परताव्याची हमी देतो, त्याने नियम मोडलेलाच आहे.

एक नाजूक गोष्ट आहे, ती फोनवर बोलायची राहून गेली होती. तुझ्या मैत्रिणी मोठ्या कंपन्यांत आहेत. एखादी लेखा विभागात, एखादी कंपनी सचिवांच्या हाताखाली. निकाल जाहीर व्हायच्या आधी कोणी सहज बोलून गेलं की 'या वेळी नफा मस्त आहे' आणि तू त्यावर शेअर घेतलेस, तर ते इनसायडर ट्रेडिंग होतं. दंड कमीत कमी दहा लाख आणि जास्तीत जास्त पंचवीस कोटी किंवा नफ्याच्या तिप्पट, यातलं जे जास्त असेल तिथवर. तुझी मैत्रीण नोकरीला मुकेल ते वेगळंच. असं कोणी बोलायला लागलं तर तिला तिथेच थांबव. तो शेअर निकाल लागेपर्यंत हातही लावू नकोस.

फ्युचर्स-ऑप्शन्सवर मी फार बोलणार नाही, कारण बोलण्यासारखं फार नाही. सेबीनेच हिशेब काढलाय. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत त्यात उतरलेल्या एक कोटीहून जास्त वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, सरासरी प्रत्येकी सुमारे दोन लाखांनी. ग्रुपवर रोज येणारे हिरवे स्क्रीनशॉट उरलेल्या सात टक्क्यांचे असतात, किंवा त्या त्र्याण्णव टक्क्यांच्या एखाद्या चांगल्या दिवसाचे. तू तिकडे जाऊ नकोस. यावर मला वाद घालायचा नाही.

आणि कोणी ग्रुपमधून दुसऱ्या ग्रुपमध्ये नेऊ लागलं, वेगळं ॲप घ्यायला सांगू लागलं, 'संस्थात्मक खात्यातून आयपीओ हमखास मिळेल' म्हणू लागलं, तर तिथून सरळ बाहेर पड. त्या ॲपमध्ये आकडे वाढताना दिसतात, पण पैसे काढायला गेलं की आधी कर भरा, आधी शुल्क भरा, असं सुरू होतं. ओळखीचा चेहरा बघूनही भुलू नकोस. २०२४ मध्ये एनएसईच्या प्रमुखांचाच बनावट व्हिडिओ शेअरची नावं सांगत फिरत होता, एनएसईला जाहीर इशारा द्यावा लागला. पैसे जायचे ते फक्त आपल्या ब्रोकरच्या खात्यात, कुणा व्यक्तीच्या किंवा भलत्याच नावाच्या फर्मच्या खात्यात कधीच नाही. कुणी फसलंच तर लाजत बसायचं नाही, त्याच तासाला सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावायचा. जितका लवकर फोन तितकी पैसे गोठवले जाण्याची आशा जास्त. घरी काय म्हणतील या भीतीने बायका दोन-दोन दिवस गप्प राहतात आणि त्यात सगळं हातचं जातं. तुझ्या मैत्रिणींनाही हे सांगून ठेव.

अजून एक. तुझं डिमॅट खातं कोण चालवतं? तू म्हणालीस, 'पासवर्ड ह्यांच्याकडे आहे, ते बघतात.' मेहुणे चांगले आहेत, मला माहीत आहे. पण खातं तुझ्या नावाचं आहे, त्यातल्या नफ्या-तोट्याचा कर तुझ्या पॅनवर लागतो आणि उद्या काही गफलत झाली तर नोटीस तुझ्या नावाने येईल. पासवर्ड, टीपिन, ओटीपी येणारा मोबाइल, तिन्ही तुझ्या हातात हवेत. दोघांनी मिळून ठरवा, पण बटण तू दाब. डिपॉझिटरीकडून येणारं एकत्रित विवरणपत्र तुझ्या ईमेलवर येतं, ते न उघडता पडून असेल. उघड. नॉमिनी कोण लावलंय तेही बघून घे.

ग्रुपमध्ये बोलताना आपले आकडे टाकू नकोस. किती शेअर आहेत, किती नफा झाला, काही नाही. एकदा 'मी घेतलाय' असं चारचौघांत म्हटलं की पुढे विकायची वेळ आली तरी जीभ आणि हात दोन्ही अडखळतात. प्रश्न मात्र भरपूर विचार. कोणी नाव टाकलं की शांतपणे विचार: तुमच्याकडे आहे का, कधी घेतलात, कोणत्या भावाला, आणि काय झालं तर विकाल? रागावणारे रागावतील. जे शेवटच्या प्रश्नाचं नीट उत्तर देतील त्यांची नावं वहीत लिहून ठेव, तुला ग्रुपमधून मिळवायचं आहे ते तेच.

तू ज्या कंपनीचं नाव पाठवलंस तिचा शेअर आत्ताच घेऊ नकोस. तिचा वार्षिक अहवाल उतरवून घे. सुरुवातीचे रंगीत फोटो आणि अध्यक्षांचं पत्र सोडून दे, थेट लेखापरीक्षकांच्या अहवालावर जा आणि त्यांनी कुठे शेरा मारलाय का बघ. मग संबंधित व्यक्तींशी झालेले व्यवहार वाच, प्रवर्तकांच्याच दुसऱ्या कंपनीला किती पैसे उसने दिलेत ते तिथे कळेल. अडेल तिथे पेन्सिलने खूण कर. एक प्रत मलाही पाठव, मीही वाचून ठेवते. रविवारी दुपारी तू जेवायलाच ये, त्या खुणा घेऊन बसू.